गडावरचे पाणी

पुण्याच्या माणसाला सिंहगड नवा नाही. रविवारी स्वारगेटहून पायथ्याची बस धरावी, आतकरवाडीतून दमादमाने चढावे, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातले दही खावे, दिवस मावळायच्या आत घरी परतावे. कष्टकरी कुटुंबाला परवडणारी ही सहल. आमच्या वस्तीतली मंडळीही अशीच निघाली. सत्तरीची आत्या मात्र जीपने घाटरस्त्याने वर आली.

गड म्हटला की मुलांना तानाजी मालुसरे आठवतात. 1670 सालची ती लढाई कोण विसरेल? पण गड त्याहून फार जुना आहे. त्याचे मूळ नाव कोंढाणा. 1328 च्या सुमारास दिल्लीच्या महंमद तुघलकाने त्याला वेढा घातला, तेव्हा गड नाग नाईक या कोळी सरदाराच्या ताब्यात होता. दिल्लीच्या फौजेपुढे हा नाईक आठ महिने टिकला. इसामी नावाच्या फारसी कवीने ती हकीकत लिहून ठेवली, म्हणून आज आपल्याला ती कळते.

त्या जुन्या काळातले गडावर आज थोडेच दिसते. कोंढाणेश्वराचे देऊळ यादवकालीन मानतात. दरवाजे, तटबुरूज पुढे अनेकदा दुरुस्त झाले. पण आठ महिने गड लढवायचा तर नुसत्या तटाने भागत नाही, पाणी लागते. समुद्रसपाटीपासून तेराशे मीटर उंचीवर नदी कुठली आणि ओढा कुठला! म्हणून गडागडांवर काळ्या खडकात टाकी खोदली. छिन्नी-हातोड्याने खडक फोडायचा, निघालेला दगड बांधकामाला वापरायचा आणि खड्ड्यात पाणी साठवायचे. सिंहगडावरचे देवटाके सर्वांना ठाऊक आहे. गांधीजी पुण्यात आले की या टाक्याचे पाणी मागवून घेत, असे सांगतात.

खडकात पाणी साठवण्याची ही विद्या आपल्या लेण्यांतही पाहायला मिळते. लोकलने मळवलीला उतरून भाज्याला जा. तिथे पाण्याच्या टाक्यावर ब्राह्मी लेख आहे. विण्हुदत्त नावाच्या महारठीने ते टाके दान दिले. लेखात टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे आणि दानाला ‘देयधम’. दोन हजार वर्षांपूर्वी या मावळात पाणी देणे हा धम्म होता.

आत्या देवटाक्यापाशी आली. पाण्याकडे बराच वेळ पाहून तिने विचारले, “काय रे, हे पाणी कुणीबी घेतलं तर चालतं ना?”

मुले हसली. त्यांना प्रश्नच कळला नाही. मग तिथेच सावलीला बसून त्यांना 1934 ची गोष्ट सांगितली. बाबासाहेब आपल्या तीसेक सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला, म्हणजे यादवांची देवगिरी. प्रवासाच्या धुळीने सगळे माखलेले. दरवाजाबाहेरच्या हौदावर त्यांनी हातपाय धुतले. तेवढ्यात एक म्हातारा मुसलमान ओरडत आला, यांनी हौद बाटवला. जमाव जमला, शिवीगाळ झाली. शेवटी किल्ला पाहू दिला, पण आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर. लक्ष ठेवायला हत्यारबंद शिपाई बरोबर दिला. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी 1927 सालीच प्यालेल्या बाबासाहेबांवर सात वर्षांनी ही पाळी आली! हिंदूला जो अस्पृश्य, तो मुसलमानालाही अस्पृश्यच, हे दाखवण्यासाठी त्यांनी ती आठवण लिहून ठेवली.

आणि गडाशी आपले नाते तरी काय परके आहे? मराठ्यांच्या काळात गडाभोवतीच्या घेऱ्यात पहारा करीत ते कोळी, रामोशी, महार, मांग. पायथ्याच्या गावाचे नाव आजही घेरा सिंहगडच आहे. शत्रूची चाहूल पहिली त्यांना लागायची, कारण ते तटाच्या बाहेर राहत.

मुले गप्प झाली होती. धाकटीने उठून तांब्या भरला आणि आधी आत्याच्या हातात दिला. आत्या प्याली आणि म्हणाली, “गार हाय.” एवढेच.

तेव्हा मंडळी, सिंहगडावर जाल तर पिठलं-भाकरी जरूर खा. पण मुलांना घेऊन देवटाक्यापाशी घटकाभर बसा. टाक्यात कचरा टाकू नका, कुणाला टाकू देऊ नका. आणि जवळ कुणी तहानलेला दिसला, तर जात न विचारता त्याला पाणी द्या. विण्हुदत्ताचा देयधम आपण एवढ्यानेही पुढे चालवू शकतो.

जयभीम!