हाकेच्या अंतरावरचं शहर

स्टुटगार्टच्या फॉयरबाख उपनगरात आमच्या मजल्यावर तीन बिऱ्हाडं होती. त्यामुळे दर तिसऱ्या आठवड्याला एक लाकडी पाटी आमच्या दाराच्या कडीला येऊन लटकायची. पाटीवर एकच शब्द: 'केरवोखे'. तो आठवडा आपला. जिना झाडायचा, पुसायचा, तळघराच्या पायऱ्या आणि दारापुढचा फूटपाथ साफ करायचा आणि शनिवारी संध्याकाळी पाटी शेजारच्या दाराला अडकवायची. जर्मनमध्ये 'केरेन' म्हणजे झाडणं. आपल्या केराशी त्याचं नातं असेल-नसेल, पण नाशिकहून आलेल्या सासूबाईंना हा शब्द पहिल्याच दिवशी पाठ झाला.

सासरे नाशिकच्या मायकोतून निवृत्त झालेले. कंपनीचं नाव २००८ साली बॉश झालं, तरी सातपूरच्या जुन्या लोकांच्या तोंडी ती मायकोच आहे आणि चौकही मायको सर्कलच. डिझेल इंजिनाचे नोझल बनवण्यात त्यांची तीसेक वर्षं गेली. त्यांच्या लेखी त्या कामाचं मूळ गाव म्हणजे स्टुटगार्ट. रॉबर्ट बॉश यांनी १८८६ साली तिथे छोटंसं वर्कशॉप काढलं, हे त्यांना आमच्याआधी माहीत होतं. फॉयरबाखच्या कारखान्यासमोर फोटो काढून झाल्यावर त्यांनी फाटकाच्या खांबाला हात लावला आणि तोच हात क्षणभर छातीशी नेला. लेक-जावई याच उपनगरात राहतात, याचा त्यांना फार आनंद होता.

आणि नेमकं तेच शहर सोडायचा विचार आमच्या घरात चालला होता.

बायको सेमीकंडक्टरमध्ये प्रोसेस इंजिनिअर. सिलिकॉनच्या चकतीवर, म्हणजे वेफरवर, एकामागून एक थर चढवायचे आणि कोरायचे, हे तिचं काम. मी पुलांच्या डिझाइनमध्ये. २०१९ साली आम्ही तिच्या ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षितांना मिळणाऱ्या नोकरीच्या परवान्यावर, स्टुटगार्टला आलो. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला तिथे कुठलीही नोकरी करता येते, वेगळा परवाना लागत नाही. इतर देशांत मागे आलेल्या जोडीदाराची जी वर्षं वाया जातात, ती माझी वाचली. बायकोने बी-१ पातळीचं जर्मन पदरात पाडलं, त्यामुळे २१ महिन्यांनी ती कायमच्या वास्तव्याच्या परवान्याला पात्र ठरली. परवाना हातात पडला आणि पहिल्यांदाच शहर निवडायची मोकळीक आली. तोवर नोकरीनेच आमच्यासाठी शहर निवडलं होतं.

२०२२च्या हिवाळ्याच्या तोंडावर तिच्याकडे दोन ऑफर होत्या, एक म्युनिकची आणि एक ड्रेस्डेनची.

म्युनिकचा निकाल लवकर लागला. पगार तिथला सगळ्यांत जास्त, मुंबईला थेट विमान, आल्प्स पर्वत तासाभरावर. एका शनिवारी घर बघायला गेलो तर दोन खोल्यांच्या फ्लॅटसाठी जिन्यावरून खाली फूटपाथपर्यंत रांग. प्रत्येकाच्या हातात फाइल: तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, शूफाचा दाखला म्हणजे कर्जफेडीचं प्रगतिपुस्तक, आधीच्या घरमालकाचं पत्र. आमच्या पुढच्या जोडप्याने फाइलवर आपल्या बाळाचा फोटो लावला होता. घर मिळालंच, तर वाढलेला पगार बहुतेक सगळा भाड्यातच जाणार होता. परतीच्या गाडीत बायकोने यादीतून म्युनिक खोडलं.

उरली दोन शहरं. आणि मला स्टुटगार्ट सोडवत नव्हतं.

शहर वाटीसारखं आहे. मध्ये खोलगट भाग, भोवती टेकड्या, उतारावर द्राक्षांचे मळे, आणि टेकडीवरून खाली उतरायला चारशेहून जास्त दगडी जिने. स्थानिक लोक त्यांना 'श्टेफेले' म्हणतात. नाशिकच्या माणसाला द्राक्षांचे मळे बघून घरी आल्यासारखं वाटतं. माझ्यासारख्याला आणखी एक ओढ होती. दक्षिणेच्या टेकडीवर दोनशे मीटरहून उंच टीव्ही टॉवर आहे. फ्रिट्झ लिओनहार्ट या स्ट्रक्चरल इंजिनिअरने तो १९५६ साली उभा केला. काँक्रीटचा असा टॉवर जगात तोवर कुणी बांधला नव्हता, नंतर सगळ्या जगाने त्याचं अनुकरण केलं. माझ्या ऑफिसच्या खिडकीतून तो दिसायचा. कलकत्त्याच्या विद्यासागर सेतूच्या डिझाइनमागचे योर्ग श्लाइश हेही याच शहरातले. पुलांवर काम करणाऱ्याने हे गाव सोडणं म्हणजे गवयाने आपलं घराणं सोडण्यासारखं आहे, असं मला खरोखर वाटत होतं. शिवाय मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८पासून भगिनी शहरं. गणपतीत मराठी माणसं हॉल भरून जमायची आणि मोदकांसाठी तांदळाची पिठी कोणत्या दुकानात मिळते, हे विचारावं लागत नव्हतं.

तरी तिथे एक गोष्ट अडत होती: मुलीची बालवाडी. मुलगी दीड वर्षाची असल्यापासून आम्ही प्रतीक्षायादीत होतो. जागा मिळाली तीही दुपारी दोनपर्यंतचीच. दोनला कुणीतरी घरी हवं, आणि ते कुणीतरी म्हणजे दर वेळी बायको. क्लीनरूममधली पाळी अर्धवट सोडून येणाऱ्या इंजिनिअरला मोठी जबाबदारी कोण देणार? तिने कधी बोलून दाखवलं नाही, पण वर्षभर ती एकाच जागी थांबली होती.

ड्रेस्डेनची गोष्ट वेगळी. पूर्व जर्मनीत आया कारखान्यात जायच्या आणि मुलं पाळणाघरात, अशी चाळीस वर्षांची घडी होती. देश एक झाला, ती घडी मात्र टिकली. त्यामुळे पूर्वेकडच्या राज्यांत तीन वर्षांखालच्या मुलांना बालवाडीत जागा मिळण्याचं प्रमाण आजही पश्चिमेपेक्षा बरंच जास्त आहे. आम्ही फोन केला तेव्हा पलीकडच्या बाई म्हणाल्या, "ऑगस्टपासून चालेल का? संध्याकाळी पाचपर्यंत." फोन ठेवल्यावर बायको बराच वेळ काही बोलली नाही.

चिपांचा धंदाही तिथे काल-परवा आलेला नाही. साम्यवादी पूर्व जर्मनीने १९८८ साली आपली एक मेगाबिटची मेमरी चिप ड्रेस्डेनमध्येच बनवली आणि तिचे नमुने थाटात राष्ट्रप्रमुख होनेकर यांच्या हाती दिले. जगाच्या मानाने ती मागेच होती. पण ती बनवताना तयार झालेली माणसं बर्लिनची भिंत पडल्यावरही त्याच शहरात होती. नव्वदीत सीमेन्स आली, मग एएमडी. आज त्या कारखान्यांवर इन्फिनिऑन आणि ग्लोबलफाउंड्रीज ही नावं आहेत. २०२१ साली बॉशनेही तिथे ३०० मिलिमीटरच्या वेफरचा कारखाना सुरू केला. हे कळल्यावर सासऱ्यांचा विरोध निम्म्याने उतरला.

विरोधाचं उरलेलं निम्मं कारण खरं होतं. २०१४च्या शरदात परदेशी लोकांविरुद्धचे सोमवारचे मोर्चे निघाले ते याच ड्रेस्डेनमधून. स्टुटगार्टमधल्या प्रत्येक भारतीय मित्राने आम्हाला तेच ऐकवलं. कामाचे तासही होते: मेटल उद्योगाच्या करारात पश्चिमेला आठवडा ३५ तासांचा, पूर्वेला कितीतरी वर्षं ३८ तासांचा. आणि विमान. स्टुटगार्टहून फ्रँकफर्टचा विमानतळ सव्वा तासावर, तिथून थेट मुंबई. ड्रेस्डेनहून फ्रँकफर्टलाच चार तासांच्या वर. आई-वडील सत्तरीत असलेल्या माणसाला हे तास पैशांपेक्षा जास्त मोजावे लागतात. सासूबाईंनी फोनवर एकच प्रश्न विचारला, "जावईबापू, रात्री-अपरात्री हाक मारली तर धावून येईल असं कोण आहे तिथं?"

कुणीच नव्हतं. म्हणून आधी जाऊन राहून बघायचं ठरलं.

आम्ही गेलो तो २०२३च्या फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. १३ फेब्रुवारीला, १९४५ साली ज्या रात्री बॉम्बहल्ल्यात हे शहर जळून गेलं त्याच तारखेला, तिथे हजारो माणसं हातात हात घालून जुन्या शहराभोवती साखळी धरतात. त्या दिवसाचा आपल्या प्रचारासाठी वापर करू पाहणाऱ्या नवनाझींना शहराच्या मध्यात जागा मिळू नये, म्हणून २०१०पासून ही साखळी. आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं, आम्ही फ्राउएनकिर्खे बघायला निघालो होतो. हे चर्च आगीत कोसळलं आणि साठ वर्षांनी, २००५ साली, पुन्हा उभं राहिलं. ढिगाऱ्यातून निघालेले जुने काळे दगड नव्या पिवळट दगडांच्या मधेमधे बसवले आहेत. जवळून बघितलं की कळतं, काही काळे दगड अगदी मूळ जागी परत आलेत. मी त्या सांध्यांवरून बोट फिरवत होतो. तेवढ्यात साखळीतल्या एका आजींनी एका हाताचा मोजा काढला आणि माझ्यापुढे हात केला. सहाला घंटा वाजायला लागल्या. मुलगी माझ्या खांद्यावर, डाव्या हातात बायकोचा हात, उजव्या हातात त्या आजींचा गार हात. कुणी बोलत नव्हतं. दहा मिनिटांनी आजींनी मोजा घातला, मान हलवली आणि ट्रामकडे निघून गेल्या.

बायकोने त्याच रात्री ड्रेस्डेनला होकार कळवला. मला विचारून, पण उत्तर तिला माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार.

योहानश्टाट भागात घर मिळालं. इथल्या पुष्कळ इमारती 'प्लाटेनबाऊ', म्हणजे कारखान्यात ओतलेले काँक्रीटचे तयार पॅनेल क्रेनने जोडून उभ्या केलेल्या. लोक त्यांना नावं ठेवतात. मी ठेवणार नाही: सांधे बघितले, व्यवस्थित आहेत. फॉयरबाखपेक्षा मोठं घर, भाडं जवळजवळ निम्मं. बायकोला वर्षभरात एका अख्ख्या विभागाची जबाबदारी मिळाली. मला जुन्या पुलांची तपासणी करणाऱ्या एका छोट्या ऑफिसात काम मिळालं, पगार थोडा कमी. मुलगी 'हो' म्हणायला इथल्यासारखं 'नू' म्हणायला लागली.

१ सप्टेंबर २०२४ला सॅक्सनी राज्याची निवडणूक झाली. एएफडी या परदेशी लोकांच्या विरोधात उभ्या असलेल्या पक्षाला जवळजवळ ३१ टक्के मतं पडली, पहिल्या पक्षापेक्षा सुमारे सव्वा टक्का कमी. दुसऱ्या दिवशी ट्राममध्ये मी माणसं मोजत होतो, दर तिसरा माणूस. ही सवय चांगली नाही हे कळत होतं, तरी मोजत होतो. स्टुटगार्टच्या मित्राने फोन करून विचारलं, परत येता का? आम्ही दोघं रात्री स्वयंपाकघरात बसून पुन्हा तीच यादी काढून बोललो. काही ठरलं नाही.

११ सप्टेंबरला पहाटे तीनच्या सुमारास एल्बे नदीवरच्या कारोला पुलाचा शंभर मीटरचा ट्रामचा भाग पाण्यात कोसळला. थोड्याच वेळापूर्वी त्यावरून शेवटची ट्राम गेली होती. एकालाही इजा झाली नाही. १९७१ साली पूर्ण झालेला प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचा पूल, आतल्या ताणलेल्या पोलादी तारा वर्षानुवर्षं आतल्या आत तडकत गेल्या होत्या. बांधकामाच्या वेळी शिरलेल्या ओलाव्याने त्याची सुरुवात झाली, असं पुढे तपासात निघालं. सकाळी सहाला ऑफिसचा फोन आला आणि तेव्हापासून मी त्या काळात बांधलेल्या पुलांच्या मागे आहे. तारा तुटल्याचा आवाज टिपणारे सेन्सर आता पुलांना लावतात. एक तार तुटली तरी पूल ते सांगतो, ऐकणारा हवा.

त्या पुलावरून शहराला गरम पाणी पुरवणारे मोठे पाइपही जात होते, तेही फुटले. मी नदीवर होतो. घरी बायकोने नाशिकहून आणलेलं मोठं पातेलं शेगडीवर चढवलं, मुलीची आंघोळ उरकली आणि पुन्हा भरून ठेवलं. वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या बाईंचं वय ऐंशीच्या पुढे. वर्षभर जिन्यात 'गुड मॉर्निंग'च्या पलीकडे आमचं बोलणं नव्हतं आणि दहा दिवसांपूर्वी त्यांनी कुणाला मत दिलं हे आम्हाला माहीत नव्हतं. बायको झाकण लावलेली बादली घेऊन वर गेली आणि तासाभराने खाली आली. पुलाच्या उद्घाटनाला आपण लेकराला कडेवर घेऊन गेलो होतो, हे बाईंनी तिला फोटो काढून दाखवलं होतं.

संध्याकाळी मी चिखलाच्या बुटांनी जिना चढत होतो. वरून त्या बाईंनी मुलीच्या नावाने हाक मारली, मधलं अक्षर चुकवून. मुलीने दार उघडलं आणि 'नू!' म्हणत पायऱ्या चढत वर पळाली. बायको रिकामी बादली घ्यायला तिच्यामागे निघाली होती. मला म्हणाली, "बूट बाहेरच काढ, मी आत्ताच जिना झाडलाय."