१४४० सेकंदांचं गुपित

काय सांगू, १४४० या आकड्याने मला अक्षरशः झपाटलंय! पीएचपीच्या सेटिंगमध्ये 'सेशन डॉट जीसी मॅक्सलाइफटाइम' अशी एक ओळ असते, तिच्यासमोर मुळात हा आकडा असतो. १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं. तेवढा वेळ तुमची हालचाल नसली की तुमचं सेशन टाकाऊ ठरतं.

याच्या मागे लागलो तो आत्यामुळे. दिवाळे कोळीवाड्यात घरच्या मासळीचा हिशेब ठेवायला मी तिला एक छोटं वेब ॲप्लिकेशन करून दिलंय. बोट लागली की पाट्या उतरतात, कोलंबी वेगळी, बोंबील वेगळे, त्यात गिऱ्हाइकांची घासाघीस. फोन पडतो बाजूला. मग 'सेव्ह' दाबलं की हाक येते, "परत पासवर्ड मागतंय रे!" गंमत म्हणजे कधी अर्ध्या तासात मागायचं, कधी पाऊण तास उलटला तरी नाही. आकडा एकच, मग असं का?

उत्तर सापडलं आणि मी उडालोच! फाइलींत सेशन ठेवणारं पीएचपी सेशन उघडताना त्याचं वय बघतच नाही. फाइल जागेवर आहे ना, मग या आत! शिळ्या फाइली काढणारा वेगळाच. आमच्या उबुंटू सर्व्हरवर एक टायमर दर तासाच्या ९व्या आणि ३९व्या मिनिटाला झाडू फिरवतो. आत्याने १०:१० ला शेवटचं बटण दाबलं, तर १०:३४ ला मुदत संपते आणि १०:३९ ला ती बाहेर: २९ मिनिटं. पण १०:१६ ला दाबलं तर? मुदत १०:४० ला संपते, तेव्हा झाडू नुकताच फिरून गेलेला! पुढची फेरी ११:०९ ला. चक्क ५३ मिनिटं!

आणि हा सफाईवाला आपला कोड वाचत नाही, 'पीएचपी डॉट आयएनआय' वाचतो. म्हणून आकडा तिथेच बदलायचा. मी ७२०० लिहिलं, पीएचपी-एफपीएम रीस्टार्ट केलं, आणि आत्याला निवांत दोन तास मिळाले!

आता जिथे तिथे हेच बघत सुटलोय. एएसपी डॉट नेटमध्ये मुळात २० मिनिटं, टॉमकॅटमध्ये ३०, जँगोमध्ये थेट दोन आठवडे! टॉमकॅट आकडा मिनिटांत घेतं, बरं का. माझे ७२०० तिथे टाकले तर पाच दिवस होतील!

अर्थात दोन तास सगळीकडे चालणार नाहीत. वेब सुरक्षेवर काम करणारी ओवॅस्प ही संस्था जोखमीच्या कामांना २ ते ५ मिनिटं सुचवते, साध्या कामांना १५ ते ३०. आत्याचा फोन तिच्या एकटीचा, कुलूपबंद, आत फक्त मासळीचे भाव. तिथे दोन तास खपतात. बँकेच्या खात्याला हे परवडायचं नाही.

तुमचंही एखादं ॲप्लिकेशन असेल तर आजच तीन गोष्टी बघा: आकडा किती, तो सेकंदांत की मिनिटांत, आणि झाडू कोण मारतं. मग वापरणाऱ्याचं काम बघून मुदत ठरवा.