लेझरचे ऑपरेशन आणि रक्ताची गोष्ट

आपल्याकडची पुरुषमाणसे गुडघे दुखतात हे चारचौघांत सांगतील, पण लघवीला जोर करावा लागतो हे घरच्या बाईलाही सांगणार नाहीत. आमचे थोरले बंधू, दादा, याच पठडीतले. वय 71. गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी करून त्यांनी आम्हा भावंडांची शिक्षणे केली. त्यामुळे त्यांच्यासमोर असला विषय काढायची आमच्यापैकी कोणाची छाती नव्हती. शेवटी एका रात्री लघवी पूर्ण कोंडली. रिक्षात घालून न्यावे लागले, नळी घातली तेव्हा सुटका झाली.

सोनोग्राफीत प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली निघाली. ही ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला वेढून असते. तरुणपणी साधारण अक्रोडाएवढी, वीसेक ग्रॅमची. दादांची 90 ग्रॅमची झाली होती. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे, पण त्याचीही तपासणी करून घ्यावी लागते, ती झाली. गोळ्यांनी भागेना. नळी काढली की पुन्हा कोंडे. ऑपरेशन ठरले.

एका खासगी दवाखान्यातल्या माणसाने दादांना सांगितले, "आजोबा, लेझर आहे. रक्ताचा थेंब नाही, दुसऱ्या दिवशी घरी." दादा खूष. आम्हाला मात्र पटेना. मांस सोडवायचे आणि रक्त नाही, हे कसे? आम्ही त्यांना मोठ्या सरकारी रुग्णालयात नेले. रांगेत अर्धा दिवस गेला, पण तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून समजावले.

या ग्रंथीला रक्तपुरवठा भरपूर. जुन्या पद्धतीत मूत्रमार्गातून दुर्बीण घालून विजेच्या तारेने ग्रंथी आतून थोडी थोडी खरवडतात, त्यात रक्तवाहिन्या पुन्हापुन्हा उघड्या पडतात. होल्मियम लेझरने आतला वाढलेला भाग संत्र्याचा गर सालीपासून सुटा करावा तसा सोडवतात आणि वाटेतल्या रक्तवाहिन्या शेकून बंद करतात. मग तो भाग मूत्राशयात ढकलून, बारीक करून बाहेर ओढतात व तपासणीला पाठवतात. म्हणून लेझरमध्ये रक्त कमी जाते, बाहेरचे रक्त चढवायची पाळी क्वचित येते. "पण बाबा, कमी म्हणजे शून्य नव्हे," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी विचारले, "हृदयाची कसली गोळी चालू आहे का?"

"नाही," दादा म्हणाले.

वहिनींनी काही न बोलता पिशवीतून प्लास्टिकचा डबा काढून टेबलावर ठेवला. तीन वर्षांपूर्वी दादांच्या हृदयात स्टेंट बसवला होता. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या दोन्ही गोळ्या चालू. दादांच्या मते त्या 'हृदयाच्या' नव्हत्या, 'रोजच्या' होत्या!

पेच खरा इथे होता. गोळ्या चालू ठेवल्या तर रक्तस्राव वाढणार. बंद केल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन हार्ट अटॅकची भीती. शेजारच्या एकाने सल्ला दिला, आठ दिवस सगळ्याच गोळ्या सोडून द्या. असे सल्ले देणारे प्रत्येक चाळीत असतात, त्यांना चहा पाजावा आणि वाटेला लावावे. हृदयाच्या डॉक्टरांनी लेखी चिठ्ठी दिली. क्लोपिडोग्रेल पाच दिवस आधी थांबवा, अ‍ॅस्पिरिन चालू ठेवा. हा हिशेब दादांचा, दुसऱ्याने उचलू नये. लघवीत जंतू होते, त्यांचा इलाज आधी केला. दोन बाटल्या रक्त राखून ठेवायला सांगितले, तेव्हा गल्लीतली सहा मुले येऊन उभी राहिली.

ऑपरेशन नीट पार पडले. नंतर तीन तोंडांची नळी होती. एका तोंडातून सलाईनचे पाणी सतत आत जाते, दुसऱ्यातून लालसर होऊन पिशवीत उतरते. सिस्टरने वहिनींना सांगितले, "कलिंगडाच्या पाण्यासारखा रंग चालेल. टोमॅटोच्या सारासारखा झाला किंवा गाठी दिसल्या तर हाक मारा." वहिनी रात्रभर पिशवीकडे बघत बसल्या. राखलेले रक्त लागले नाही. तिसऱ्या दिवशी नळी निघाली.

बाराव्या दिवशी दादांनी पाण्याचा हंडा उचलला. पोट साफ होत नव्हते म्हणून संडासात जोरही केला. संध्याकाळी लघवी लालभडक, मग गाठी, मग पुन्हा कोंडली. नळी घालून, पिचकारीने धुऊन गुठळ्या काढाव्या लागल्या. हिमोग्लोबिन 12 वरून 9 वर आले. आतल्या जखमेची खपली सुटते तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात असे होऊ शकते. वजन उचलू नका, कुंथू नका, पाणी भरपूर प्या, गाठी आल्या तर लगेच या, हे बाईंनी सुटीच्या कागदावर लिहिले होते. तो कागद घरात होता म्हणून आम्ही सकाळची वाट पाहिली नाही. 'रक्ताचा थेंब नाही' एवढेच ऐकून घरी आलेल्या कुटुंबाने त्या रात्री काय केले असते, हे मनात आले की अजून राग येतो.

खर्चाचे म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपले ऑपरेशन बसते का, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारावे, रेशनकार्ड सोबत न्यावे.

दादा आता बरे आहेत. नातीने गोळ्यांची नावे मोठ्या अक्षरांत लिहून डब्याच्या झाकणाला चिकटवली आहेत. दादा त्यांना अजूनही 'रोजच्या'च म्हणतात.