खाकरे, वाइन आणि गॅमा किरण

रोमबद्दल मी काही लिहिणार नाही. कलोसियम, व्हॅटिकन, त्रेवीचं कारंजं यांवर लोकांनी भरपूर लिहून ठेवलंय, आणि मला तिथलं आठवतं ते मुख्यतः रांगेतल्या पुढच्या माणसाची पाठ. टूरच्या पत्रकात एक दिवस ‘शॉपिंगसाठी मोकळा’ होता. मला दुकानांचा मनापासून कंटाळा, म्हणून भाच्याला फोन लावला. तो तिथल्याच एका विद्यापीठात भौतिकशास्त्रात संशोधन करतो. “मावशी, फ्रास्कातीला चल. वाइन आहे, आणि प्रयोगशाळाही आहे.” क्रम त्याने बरोबर लावला होता.

फ्रास्काती रोमच्या आग्नेयेला, आल्बान टेकड्यांवर. गाव वर, प्रयोगशाळा खाली. प्रयोगशाळेच्या आवारात काचेच्या छताखाली ‘आदा’ ठेवलंय. 1961 सालचं यंत्र. एकाच कड्यात इलेक्ट्रॉन आणि त्याचा विरुद्ध भाऊ पॉझिट्रॉन एकमेकांच्या उलट दिशांनी फिरवायचे, ही कल्पना ब्रूनो टूशेकची. यंत्र इतकं लहान की पाहून विश्वास बसेना. मला मात्र यंत्रापेक्षा टूशेकनेच धरून ठेवलं. व्हिएन्नाचा माणूस, आई ज्यू. 1945 मध्ये गेस्टापोने पकडलं, कीलच्या छावणीकडे चालवत नेताना तो कोसळला, पहाऱ्यावरच्या एसएस शिपायाने गोळी घातली आणि मेला समजून रस्त्याकडेला सोडून दिला. त्यानंतर सोळा वर्षांनी हे यंत्र. भाचा पुढची माहिती सांगत होता, मी निम्मीच ऐकली.

जेवायला वर गावात गेलो. तिथल्या जुन्या वाइनघरांची रीत मला फार आवडली: वाइन त्यांची, खाणं आपलं. शाकाहारी माणसाला परदेशात याहून मोठा दिलासा नाही. मी पिशवीतून मेथीचे खाकरे आणि लसणीची चटणी काढली. आमच्याच लांब बाकावर एक म्हातारबुवा डुकराच्या भाजलेल्या मांसाचा पाव खात बसले होते. वास माझ्या नाकात जात होता आणि मी तोंड वाकडं केलेलं त्यांनी पाहिलंही. तरी त्यांनी हात पुढे केला, बोटाने चटणी उचलली, पावात माखली, डोळ्यांत पाणी आलं, आणि आणखी मागितली. पुढची सगळी दुपार या माणसाने खाल्ली.

भाच्याने कुठून आलो ते सांगितलं, तर म्हणाले, मी तिथेच होतो, आरसे सांभाळायला. ‘आदा’नंतर आलेल्या ‘आदोने’वर. 105 मीटर घेराचं कडं, दीड अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत पोचणारं. 1978 मध्ये त्यावर त्यांनी लेझर सोडला, हिरवा, आर्गॉनचा. त्या प्रयोगाचं नाव ‘लादोन’.

टेबलावर कागद अंथरलेला होता. म्हातारबुवांनी ग्लास त्यावर टेकवला, ओला गोल उठला. हे कडं. त्याच्या एका सरळ भागातून पेनने रेघ ओढली, दोन्ही टोकांना दोन आडव्या काट्या: आरसे. लेझरचा प्रकाश या आरशांमध्ये येरझाऱ्या घालतो आणि इलेक्ट्रॉनांचा झोत मधूनच, समोरून येतो; त्यांच्या टकरीतून गॅमा किरण निघतात. माझी शंका अगदी शाळेतली होती. शिक्षिका होते, तरी आठवीच्या वर्गात हे कधी शिकवावं लागलं नव्हतं: हिरव्या उजेडाचा गॅमा किरण होतो तरी कसा?

भाच्याने सांगितलं ते मला पटलं. इलेक्ट्रॉन इतक्या वेगात असतो की समोरून येणारा हिरवा प्रकाश त्याच्या दृष्टीने हिरवा राहतच नाही, त्याची ऊर्जा जवळजवळ सहा हजार पट वाढून तो एक्स-किरण झालेला असतो. इलेक्ट्रॉन त्याला परत उडवतो. 1923 मध्ये आर्थर कॉम्प्टनने सेंट लुइसला ग्रॅफाइटवर एक्स-किरण टाकून जे पाहिलं, त्याच जातीची ही टक्कर. मग आपल्या बाजूने पाहिलं की उडालेला किरण पुन्हा जवळजवळ सहा हजार पट. दोन्ही मिळून तीन कोटींहून जास्त. म्हणजे अडीच इलेक्ट्रॉन व्होल्टांच्या आतला प्रकाश आठ कोटींच्या आसपास जाऊन पोचतो. ही गुणाकाराची मजा मी टिश्यू पेपरवर करून पाहिली आणि बरोबर आली.

म्हातारबुवांना गुणाकारात रस नव्हता. त्यांचा जीव रेघेत. दोन्ही झोत अगदी बारीक, आणि प्रकाशाचे बहुतेक कण इलेक्ट्रॉनांना न भेटताच निघून जातात, म्हणून आरसा जरा हलला तरी रात्र वाया. जे थोडे भेटतात त्यांचे गॅमा किरण इलेक्ट्रॉनांच्याच दिशेने, आरशातून आरपार निघतात. पुढे शिशाच्या ठोकळ्याला बारीक भोक. सर्वांत जोरकस किरण अगदी सरळ जातात, जरा वाकडे गेलेले कमजोर असतात, म्हणून भोक लहान ठेवलं की पलीकडे जवळजवळ एकाच ऊर्जेचे उरतात. त्याआधी गॅमा किरण मिळायचे ते बहुतेक वेळा सगळ्या ऊर्जांची खिचडी. शिवाय लेझरचं ध्रुवण, म्हणजे त्याच्या लहरींच्या डोलण्याची दिशा, जसं असेल तसंच गॅमा किरणांचं. त्यातूनच त्यांनी ड्यूटेरियमचं अणुकेंद्र फोडून प्रोटॉन कोणीकडे जातो ते मोजलं. हे सांगताना ते पेन कागदात इतकं रुतवत होते की खालचं लाकूड दिसू लागलं.

‘आदोने’ 1993 मध्ये बंद झालं, त्याच्या जागी दुसरं यंत्र आलं. त्याबद्दल ते बोलले नाहीत. भाचा उत्साहाने म्हणाला, आता म्युनिकजवळ गार्शिंगला असंच यंत्र आहे, 2015 पासून, पण एका खोलीत मावतं. लहान कडं, इलेक्ट्रॉन सौम्य, म्हणून गॅमाऐवजी एक्स-किरण निघतात, डॉक्टरांच्या कामाचे.

“आणि आरसे रात्री कोण सांभाळतं?”

“बरंचसं संगणकच.”

“मग तिथे माणसं काय करतात?”

भाच्याला उत्तर सुचेना. म्हातारबुवांनी मालकाशी एका जगच्या हिशेबावरून वाद घातला, जिंकले, आणि त्याच झटक्यात आमचाही एक जग कमी करून घेतला. संध्याकाळी हॉटेलात टूरमधल्या बायकांनी पर्सेस दाखवल्या. चांगल्या होत्या. महाग होत्या.