वेलांटीची पाळी

आजोबांनी छत्तीस वर्षे कचेरीत मराठी टंकलेखन केले. निवृत्तीनंतर गावच्या आठवणी लिहून काढाव्यात, असा त्यांचा मनोदय होता. परंतु वयपरत्वे बोटांचे सांधे आखडले आणि लेखणी हातात ठरेना. नातवाने घरी संगणक आणला. त्याच्या कळफलकावर आजोबांची बोटे पदोपदी अडखळू लागली. "ज्या बोटांनी आजवर पोट भरले, ती आता अडाणी ठरली म्हणायची!" एवढेच ते बोलले, आणि त्यांनी संगणकावर कापड टाकून ठेवले.

ते कापड नातवाच्या मनाला लागले. आजोबांसाठी कळफलक आपल्याच हातांनी करावयाचा, असे त्याने ठरविले.

साध्या कळफलकात कळांखाली बहुधा रबराचा पडदा असतो. कळ पार तळापर्यंत दाबावी लागते. नातवाने स्वतंत्र स्प्रिंग असलेले साठ स्विच आणले. सुमारे ४५ ग्रॅम भाराने कळ २ मिलिमीटर खाली गेली, की तिचा संदेश पोहोचतो. उरलेले २ मिलिमीटर दाबण्याची गरजच नाही. दुखऱ्या बोटांना हा केवढा दिलासा!

साठ कळांना साठ तारा मात्र लागत नाहीत. कळांच्या पाच आडव्या ओळी व बारा उभ्या रांगा केल्या, की सतरा तारा पुरतात. प्रत्येक कळ एका ओळीच्या व एका रांगेच्या छेदावर बसते, आणि आतील चिमुकला नियंत्रक सेकंदाला शेकडो वेळा सारे छेद तपासून पाहतो. वीज भलत्या वाटेने फिरून न दाबलेली कळ दाबल्यासारखी भासू नये, म्हणून प्रत्येक कळेपाशी एक डायोड बसवावा लागतो. तो विजेला एकाच दिशेने जाऊ देतो. त्याच्या अंगावरील काळा पट्टा पाहून ती दिशा ओळखायची असते. साठ डायोडांना कथलाचे डाग देता देता नातवाच्या दोन रात्री सरल्या.

खरी अडचण पुढेच होती. कळफलकाला अक्षर ठाऊक नसते. तो संगणकाला नुसते क्रमांक कळवितो. १९८६ साली प्रमाण ठरलेल्या इनस्क्रिप्ट मांडणीत 'व' हा ५ या क्रमांकाने आणि पहिली वेलांटी ९ या क्रमांकाने उमटते. 'वि' लिहावयाचा तर आधी ५ व मग ९ हवेत. आजोबांच्या टंकलेखनयंत्राची रीत याच्या उलट! तेथे वेलांटी डावीकडे दिसते म्हणून ती आधीच दाबावी लागे. अक्षरांच्या जागाही निराळ्या. जागा बदलणे सोपे होते; नियंत्रकातील आज्ञावलीत क्रमांक बदलले की झाले. पण छत्तीस वर्षांची सवय कशी बदलणार?

ती बदलूच नये, असे नातवाला वाटले, आणि ते योग्यच होते. त्याने आज्ञावलीत नवा नियम घातला: वेलांटी आली की तिला थोपवून धरावे, पुढचे अक्षर आधी पाठवावे आणि मग तिला सोडावे. 'वि' ठीक उमटला. 'स्मित' मात्र बिघडले. वेलांटी अर्ध्या 'स'च्याच मागे धावली. तेव्हा अर्धे अक्षर पुढे जाऊ द्यावे, पूर्ण अक्षर येईपर्यंत वेलांटीने थांबावे, अशी दुरुस्ती त्याला करावी लागली.

रविवारी सकाळी आजोबांनी कापड बाजूला केले आणि वाराचे नाव लिहिले. पडद्यावर उमटले, 'विवा'. वेलांटी जागच्या जागी होती. 'र' दोन्ही वेळा बेपत्ता! नातवाने कळफलक उलटा केला, चष्मा नसतानाही डोळे बारीक करून पाहिले. 'र'च्या कळेखालचा डायोड उलटा बसला होता. कथील वितळवून त्याने तो फिरविला.

"आता लिहा, आजोबा."

'रविवार' पुरा उमटला. आजोबा काही बोलले नाहीत. दुपारच्या जेवणाला दोनदा हाक मारावी लागली, तेव्हा कोठे ते उठले. तोवर गावची नदी, तिचा घाट आणि घाटावरचे एक भांडण एवढे लिहून झाले होते.

"बाकी सारे उत्तम," हात धुता धुता ते म्हणाले, "पण ओळ संपत आली की आमच्या यंत्राची घंटा वाजे. ती कोठे गेली रे?"

नातू जेवता जेवता उठला आणि आणावयाच्या सामानाच्या यादीत त्याने 'घंटा' असे लिहून ठेवले.