यादीवरचे शेरे

ठाणे,
रविवार, सकाळ

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तू फोनवर धाडलेली संगणकाच्या सुट्या भागांची यादी पावली, आणि तिच्या तळाशी ‘मामा, फक्त ओके म्हण’ असा जो हुकूम तू जोडला आहेस, तोही पावला. परंतु ज्या इसमाने आयुष्याची 35 वर्षे कोषागारात इतरांची बिले तपासण्यात आणि त्यांवर हरकती काढण्यात घालविली, त्याच्यापुढे 1,10,000 रुपयांचे अंदाजपत्रक ठेवून नुसत्या सहीची अपेक्षा धरावी, हे तुझ्या वयाला साजेसे असले तरी माझ्या सवयीला मानवणारे नाही. काल रात्री ती यादी वहीत उतरून घेतली, बाबवार आकडे मांडले, आणि लाल पेन्सिलीने जे शेरे मारले ते आज सवडीने कळवीत आहे.

यादी वाईट आहे असे मुळीच नाही. एकेक वस्तू सुटी घेऊन पाहिली, तर तिच्याविरुद्ध बोलायला फारशी जागा नाही. पण तुझी यादी प्रोसेसरपासून सुरू होते, ग्राफिक कार्डापाशी रेंगाळते, रंगीत दिव्यांच्या सहा पंख्यांना आणि काचेच्या कॅबिनेटला यथास्थित मान देते, आणि अगदी शेवटी ‘एसएमपीएस : दुकानदार देईल तो’ असे लिहून मोकळी होते. ज्या खोलीत हे यंत्र नांदणार, तिचा तर कोठे उल्लेखच नाही. मला विचारशील तर ही यादी उलट्या टोकाने, म्हणजे भिंतीतल्या प्लगापासून, लिहायला हवी होती.

तुझी माडीवरची खोली मला ठाऊक आहे. तुझ्या ताईच्या लग्नात तिथल्याच प्लगावर मी सदऱ्याला इस्त्री करीत असता इस्त्रीच्या धातूला बोट लागले आणि मनगटापर्यंत मुंग्या आल्या, त्या मी अद्याप विसरलेलो नाही. तुझ्या वडिलांनी तेव्हा ‘चप्पल घालून करा’ असा तोडगा सुचविला होता. माणसाला चप्पल घालता येते. संगणकाची तशी सोय नाही. तीन पिनांच्या प्लगातली वरची पिन इतर दोहोंपेक्षा जाड असते आणि लांबही असते. लांब अशासाठी, की आत शिरताना तिने सर्वांआधी जमिनीशी संधान बांधावे आणि बाहेर पडताना ते सर्वांच्या शेवटी सोडावे. एवढ्या दूरदृष्टीने घडविलेली ही पिन दोन छिद्रांच्या सॉकेटात मावत नाही म्हणून कोणी कापून टाकतात, आणि जेथे तिसरे छिद्र असते तेथे पुष्कळदा त्याच्या मागे तारच नसते. तेव्हा पहिले काम वायरमनचे. त्याने नुसता टेस्टर लावून मान डोलावली तर त्यावर जाऊ नकोस, मल्टिमीटर लावायला सांग : फेज आणि अर्थ यांच्यामध्ये 230 व्होल्टच्या आसपास, आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यामध्ये फार तर दोन-तीन व्होल्ट दिसले पाहिजेत. न दिसल्यास परसात खड्डा घेऊन मीठ-कोळशाची अर्थिंग नव्याने करावी लागेल. हा खर्च मात्र तुझ्या वडिलांच्या खाती टाक; तो घराचा आहे, यंत्राचा नव्हे.

दुसरी बाब उन्हाळ्याची. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांपलीकडे जातो, हे तुला मी सांगावे असे नाही. पण हवेने थंड होणारे कोणतेही यंत्र भोवतालच्या हवेहून थंड होऊ शकत नाही, ही साधी गोष्ट काचेचे कॅबिनेट पसंत करताना तुझ्या ध्यानातून निसटली. जो प्रोसेसर माझ्या खोलीत 30 अंशांच्या हवेत 70 अंशांवर चालतो, तोच तेवढ्याच कामाला तुझ्या 42 अंशांच्या माडीवर 82 अंशांच्या घरात जाणार. हा हिशेब सरळ बेरजेचा आहे. पुढची बाजू काचेने बंद केली तर पंखे सहा असोत की सोळा, ते कोंडलेली तीच हवा घुसळीत बसतील. म्हणून जाळीच्या तोंडाचे कॅबिनेट घे. पुढे हवा आत ओढणारे दोन पंखे आणि मागे बाहेर टाकणारा एक, एवढे तुला भरपूर झाले. आणि एक ताकीद : वाळ्याच्या ताट्यांचा तो अजस्र कूलर आणि संगणक ही समोरासमोर ठेवू नकोस. कूलरची ओली हवा तुला सुखावते हे खरे, पण ती थेट जाळीतून आत गेली की पंख्यांच्या पात्यांवर धुळीचा चिखल बसतो, आणि वाळल्यावर तो कुंचल्यालाही दाद देत नाही.

आता त्या ‘दुकानदार देईल तो’ कडे येतो. पंधराएक वर्षांपूर्वी मी स्वतःच्या घरासाठी एक संगणक जुळविला होता, आणि कॅबिनेटसोबत फुकट मिळालेल्या एसएमपीएसवर, तुझ्यासारखाच, विश्वासून राहिलो होतो. त्याच्या अंगावर ठळक अक्षरांत 450 वॅट असे छापलेले होते. गणपतीच्या दिवसांत एका रात्री वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि तिसऱ्यांदा आली तेव्हा टेबलाखाली लवंगी फटाका फुटल्यासारखा आवाज होऊन खोलीभर करपट वास पसरला. एसएमपीएस तर गेलाच. पण जाताना बोर्ड आणि हार्ड डिस्क यांना सोबत घेऊन गेला, आणि त्या डिस्कवर तुझ्या मुंजीची सगळी छायाचित्रे होती. दुकानदाराकडे दाद मागितली, तर तो शांतपणे म्हणाला, ‘साहेब, तो तर फ्री होता, फ्रीला वॉरंटी कसली?’ त्यानंतर मी ते कलेवर घरी आणून त्याच्या बाजूचे स्टिकर प्रथमच नीट वाचले. बारा व्होल्टच्या रकान्यात 16 अँपिअर, म्हणजे गुणाकार करता अवघे 192 वॅट. उरलेली बेरीज 5 आणि 3.3 व्होल्टच्या शाखांची होती, ज्यांचा आजच्या यंत्राला फारसा उपयोग नाही, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड हे दोन्ही मोठे खादाड बारा व्होल्टवरच जगतात. ठळक आकडा दर्शनी, आणि खरा आकडा तपशिलाच्या बारीक अक्षरांत : बिले तपासण्यात जन्म गेलेल्या माणसाला हे घरच्याच पेटीवर दिसू नये, याची लाज मला अजून वाटते.

तुझा हिशेब असा बसतो. आरटीएक्स 5060 कार्ड 145 वॅट; मी पुढे सुचविणार आहे तो प्रोसेसर ताण पडला असता 88 वॅट; बोर्ड, पंखे, डिस्क मिळून आणखी 60 धर. म्हणजे 300च्या आतबाहेर. त्यासाठी चांगल्या कंपनीचा 550 किंवा 650 वॅटचा, निदान पाच वर्षांच्या वॉरंटीचा, आणि बारा व्होल्टच्या रकान्यात जवळजवळ पूर्ण रक्कम दाखविणारा एसएमपीएस घे. ‘80 प्लस’चे सोनेरी किंवा कांस्य पदक पाहून हुरळू नकोस, ते घेतलेल्या विजेपैकी किती कामी आली आणि किती उष्णता होऊन वाया गेली एवढ्याचाच दाखला आहे, आतला माल टिकाऊ असल्याचा नव्हे. यूपीएसच्या बाबतीतही पेटीवरचा आकडा फसवा असतो : 600 व्हीए म्हणून मिळणारा यूपीएस बहुधा 360 वॅटच देतो, आणि त्यावर मॉनिटरही टेकणार, तेव्हा 1000 व्हीएच्या खाली उतरू नकोस. भारनियमनाच्या वेळी सबमिशन जतन करून यंत्र रीतसर बंद करण्यापुरती दहा मिनिटे त्याने दिली की त्याचे कर्तव्य संपले. त्यावर खेळ चालू ठेवायचा नसतो.

येथे एक विषयांतर करतो. 1981 साली आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला तेव्हा त्याचे बहुतेक भाग बाहेरच्या कारखान्यांतून घेतलेले होते आणि त्याची रचना इतरांना पाहता येईल अशी खुली होती. पुढे 1995 साली इंटेलने एटीएक्स नावाचा जो नमुना ठरविला, त्याने बोर्डाच्या स्क्रूंची भोके आणि मागच्या खिडकीची मापेही बांधून दिली. एका देशात केलेला बोर्ड दुसऱ्या देशातल्या कॅबिनेटात भोकाला भोक जुळवून बसतो आणि तू अकोल्यात बसून यादी करू शकतोस, ती या दोन निर्णयांची कृपा होय. माझ्या तरुणपणी रेडिओ घरात ठेवायलासुद्धा पोस्टाचा परवाना लागत असे, आणि तो बिघडला की लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आताच्या डॉ. भडकमकर मार्गावर, सुटा भाग शोधीत दिवस जाई. तोच रस्ता पुढे संगणकाचा झाला. गिऱ्हाईकही तेच राहिले, फक्त पिकले.

प्रोसेसरवर मात्र माझी स्पष्ट हरकत आहे. तू आय-7 12700एफ लिहिला आहेस आणि त्याखाली एच610चा स्वस्त बोर्ड. नावात सात असला की मित्रांत मान मिळतो हे मी जाणतो. पण हा प्रोसेसर जोर लावला की 180 वॅटपर्यंत मागतो, आणि त्या बोर्डाची वीजवाटणी एवढ्या भाराकरिता सहसा बांधलेली नसते. म्हणजे घोडा शर्यतीचा आणि तबेला गाढवाचा. शिवाय त्या बोर्डावरच्या प्रोसेसर-सॉकेटाच्या बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढ्या होऊन गेल्या, आता तो रस्ता संपला. त्याऐवजी रायझन 5 7600 आणि बी650चा मध्यम बोर्ड घे. सहा कोअर तुझ्या अभ्यासाला आणि खेळाला पुरून उरतात, कूलर खोक्यातच मिळतो, आणि त्याचा एएम5 सॉकेट 2022चा असून 2027पर्यंत तरी तो चालू ठेवण्याचे आश्वासन कंपनीने दिले आहे. याच कंपनीच्या आधीच्या एएम4 सॉकेटासाठी 2024 सालीही नवे प्रोसेसर निघत होते, हे लक्षात घेता ते आश्वासन अगदीच हवेतले नसावे.

त्याहून महत्त्वाचे कारण त्या ‘एफ’ अक्षरात आहे. एफ म्हणजे प्रोसेसरमध्ये स्वतःचे चित्र दाखविण्याची सोय नाही. उद्या ग्राफिक कार्ड बिघडले, दुरुस्तीला गेले आणि तीन आठवडे परत आले नाही, तर तुझा लाखाचा संगणक तितके दिवस मुका राहील, मग समोर परीक्षा असो की प्रकल्प. 7600मध्ये लहानशी का होईना, पण चित्रसोय आहे. खेळ बंद पडेल, अभ्यास बंद पडणार नाही. अभ्यास आणि खेळ एकाच यंत्रावर करायचे म्हणतोस, तेव्हा दोहोंपैकी कोणाचे अडू द्यायचे आणि कोणाचे नाही, हे आधीच ठरलेले बरे. (तुझ्या आईला हे वाक्य वाचून दाखवायला हरकत नाही.)

कार्ड तू योग्य निवडले आहेस. तुझ्या मशीन लर्निंगच्या प्रकल्पाला कुडा लागणार, म्हणजे एनव्हिडियाखेरीज सहज पर्याय नाही. एवढेच जाणून ठेव, की 8 जीबी स्मृती खेळाला कमी पडली तर चित्राची प्रत एक पायरी उतरवून निभावते. पण मोठ्या मॉडेलला कमी पडली तर प्रोग्रॅम सरळ नकार देतो. 5060 टीआय या एकाच नावाने 8 आणि 16 जीबी अशी दोन कार्डे विकली जातात. 16चे तुझ्या तरतुदीत बसत नाही, आणि दुकानदार टीआयच्या नावावर 8चेच गळ्यात मारू पाहील, तर जपून. रॅमचे भाव 2025च्या उत्तरार्धापासून चढले आहेत, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी चिपा उचलायला सुरुवात केली. म्हणून तूर्त 8च्या दोन पट्ट्या घे, एक 16ची नको, कारण दोन वाटांनी होणारी ने-आण एका वाटेने होत नाही. तुझी ती जेन 5ची 2 टीबी एसएसडी मी लाल रेघेने कापली आहे. साध्या साटा डिस्कचा वेग सेकंदाला 550 एमबी, जेन 4चा 7000पर्यंत. यापुढचा वेग तुला जाणवणार नाही, उष्णता तेवढी जाणवेल. 1 टीबी जेन 4 पुरे. मॉनिटर 144 हर्ट्झचा ठेव, फक्त उंची वरखाली होणाऱ्या स्टँडचा पाहा. तुझी मान आताच पुढे आली आहे.

खरेदी करताना जीएसटीचे पक्के बिल घे. ‘कच्च्यात घेतलं तर 18 टक्के वाचतील’ असे कोणी कानात सांगेल. पण वॉरंटीच्या दारात कच्च्या चिठ्ठीला कोणी उभे करीत नाही, आणि बिलावर प्रत्येक वस्तूचा सिरियल नंबर चढला आहे की नाही, याची खातरजमा दुकानातच कर.

जुळविण्याच्या कामात दोन धोंडे आहेत. रॅमच्या पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसव, आणि बायोसमध्ये एक्सपो चालू कर, नाहीतर 6000ची पट्टी मुकाट्याने 4800वर चालत राहील आणि तुला वर्षभर पत्ता लागणार नाही. आणि पहिल्यांदा बटण दाबल्यावर पंखे फिरतील, दिवे लागतील, पण पडदा काही मिनिटे काळाच राहील. नव्या रॅमशी ओळख करून घ्यायला हा बोर्ड तेवढा वेळ घेतो. त्या मिनिटांत घाबरून वीज तोडू नकोस, आणि मॉनिटरची वायर बोर्डाच्या नव्हे, कार्डाच्या छिद्रात आहे ना, एवढे वाकून पाहा. तितक्यावरही चित्र न आले तर मला फोन कर, रात्रीचे कितीही वाजलेले असोत.

पाडव्याला मी येतोच आहे, माझा चुंबकी स्क्रूड्रायव्हर घेऊन. तोवर भाग आणलेस तरी खोकी फोडू नकोस. वायरमन मात्र उरकून ठेव. आल्यावर प्रथम त्या प्लगावर सदऱ्याला इस्त्री करणार आहे, अनवाणी.

ताई-भाऊजींस नमस्कार. कळावे,

तुझा
मामा