आधी स्वर, मग काळ

यंत्र घरी आलं तेव्हा बायकोने विचारलं, "अहो, वजनकाटा आणलात का?" तिचं काही चुकलं नव्हतं. चपटा, रुपेरी रंगाचा प्लास्टिकचा डबा. वर एका ओळीत सहा खुंट्या, खाली एका सप्तकाची तेरा बटणं, आणि त्यांच्या आजूबाजूला चष्मा लावूनही वाचता येऊ नये इतकी बारीक इंग्रजी अक्षरं. मी हुमनाबादचा. वीस वर्षं दर गुरुवारी भजनात पेटी वाजवतो. आजवर माझ्या हाताखालच्या वाद्याला भाता असायचा. याला अडॅप्टर होता. म्हणजे असायला हवा होता.

सगळं सुरू केलं भाच्याने. दिवाळीला पुण्याहून आला होता, बिदरहून गाडीने परतताना म्हणाला, "मामा, एक ऐकवतो. राग ओळखा." राग ओळखायला मला दहा सेकंदं लागली. कलावती. ग, प, ध, कोमल नी, सगळे जागच्या जागी. पण वाजतंय काय, हे मात्र हल्लीखेड मागे पडलं तरी कळेना. खाली लग्नाच्या वरातीसारखा न थांबणारा ठोका, मध्ये बेडकासारखं गुरगुरत वर-खाली घसरणारं काहीतरी, आणि त्यावर कलावती, पंडितांच्या शिस्तीत. मी म्हटलं, "हे आजकालच्या पोरांचं काम." भाचा हसला. "मामा, हे १९८२ चं आहे. वाजवणारे चरणजितसिंग. मुंबईचे."

चरणजितसिंग हे नाव मी ऐकलं नव्हतं, पण त्यांचं वाजवणं बहुधा आपण सगळ्यांनीच ऐकलंय. ते मुंबईच्या सिनेमा-ऑर्केस्ट्रातले वादक. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन यांच्या काळात गिटार आणि कीबोर्ड घेऊन स्टुडिओत बसणारे, ज्यांचं नाव तबकडीवर येत नाही त्या जमातीतले. स्वतःचा ऑर्केस्ट्राही होता. लग्नाकार्यांत, पार्ट्यांत वाजवत, पत्नी सुपर्णा गात. मला हीच गोष्ट सर्वांत जवळची वाटली. प्रयोगशील इलेक्ट्रॉनिक संगीतकार म्हटलं की प्रयोगशाळा, परदेशी शिष्यवृत्ती असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. तेही आपल्याकडे झालंय म्हणा: अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाईन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकेच्या डेव्हिड ट्यूडरने मूग सिंथेसायझर बसवून दिला, आणि गीता साराभाई, अतुल देसाई वगैरे मंडळींनी त्यावर काम केलं. त्या फिती कपाटात पडून राहिल्या आणि २०२३ मध्ये तबकडीवर आल्या. पण चरणजितसिंग संस्थेतून आलेले नव्हेत. ते वरातीतून आले.

सिंगापूरला गेले असताना त्यांनी रोलँड कंपनीची नवी यंत्रं विकत घेतली: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालाचं यंत्र, आणि टीबी-३०३. हे तिसरं जपानी कंपनीने १९८१ मध्ये काढलं ते एकट्याने गिटारचा रियाज करणाऱ्यांसाठी. बेस गिटारवाला साथीला नसेल तर हा डबा साथ करील, अशी कल्पना. साथ त्याने काही नीट केली नाही. बेस गिटारसारखं तर तो अजिबात वाजत नसे. १९८४ पर्यंत कंपनीने उत्पादन बंद केलं आणि हे डबे जुन्या बाजारात कवडीमोलाने जाऊ लागले. मग शिकागोच्या पोरांनी ते स्वस्तात घेतले, खुंट्या भलत्याच पिळल्या आणि १९८७ मध्ये फ्यूचर या गटाची 'ॲसिड ट्रॅक्स' निघाली. त्यातून नाचाच्या संगीताची एक अख्खी शाखा फुटली: ॲसिड हाउस.

चरणजितसिंगांनी तेच यंत्र पाच वर्षं आधी मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत नेलं आणि दोन दिवसांत दहा राग ध्वनिमुद्रित केले. 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. तबकडी खपली नाही. २००२ मध्ये एडो बाउमन नावाच्या डच संग्राहकाला ती दिल्लीच्या एका दुकानात सापडली, २०१० मध्ये त्याने पुन्हा काढली, आणि ऐकणाऱ्यांतल्या काहींना तर ही कुणा आजच्या संगीतकाराने केलेली चेष्टा वाटली. सत्तरी उलटल्यावर हे गृहस्थ युरोपात कार्यक्रम करायला गेले. जुलै २०१५ मध्ये मुंबईत वारले.

त्यांना 'ॲसिड हाउसचे जनक' म्हणतात, ते मला पटत नाही. शिकागोच्या पोरांनी त्यांचं ऐकलं नव्हतं, आणि यांना शिकागोशी काही देणंघेणं नव्हतं. यांना रागाला डिस्कोचा ठेका द्यायचा होता, तो दिला. एवढं पुरे नाही का? कुणाचा तरी बाप ठरवल्याशिवाय आपल्याला माणसाचं मोठेपण मोजता येत नाही.

तर मीही ठरवलं. दोन दिवसांत दहा राग त्यांनी केले, मला तीन महिन्यांत एक भूप तर जमेल. मूळ यंत्राची किंमत आता लाखांत, म्हणून त्याची हल्लीची नक्कल एका ओळखीच्याच्या ओळखीने जुनी घेतली. पैसे आधी दिले. ही पहिली चूक. डबा आला, अडॅप्टर नाही. मोबाईलच्या दुकानातून एक आणला, पिन बसली, दिवा लागला नाही. दुसरा आणला. तोही नाही. विकणाऱ्याने फोन उचलणं सोडलं.

शेवटी कलबुर्गीला नेलं. २०१७ पासून बिदर-कलबुर्गी रेल्वे झाली आहे, ते एक बरं. कमलापूरची लाल केळी पिशवीत आणि यंत्र मांडीवर, असा गेलो. सुपर मार्केटमागच्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्या चाचांनी डबा उलटासुलटा केला, अडॅप्टर बघितला आणि म्हणाले, "साब, बाजा अच्छा है. तुमारा करंट उल्टा है." बाहेरचा आणि आतला ध्रुव उलटा असलेला अडॅप्टर लागतो म्हणे. त्यांनी वायर कापून उलटी जोडली. लाल दिव्यांची ओळ धावायला लागली, डब्यातून एक ओला, घोगरा आवाज आला आणि दुकानातली चार माणसं वळून बघायला लागली. चाचांनी कान लावून ऐकलं. "ये क्या बोलता?" मला तरी कुठे माहीत होतं!

आता खरा गोंधळ. पेटीवर मी 'ग' दाबतो तेव्हा तो किती वेळ दाबायचा हे बोटच ठरवतं. स्वर आणि त्याचा काळ एकाच वेळी जन्माला येतात, ते वेगळे असतात हे मला वीस वर्षांत कधी सुचलंही नव्हतं. या यंत्रात आधी नुसते स्वर भरायचे. सा, रे, ग, प, एकामागे एक, रेशन दुकानाच्या यादीसारखे. मग दुसऱ्या खटक्यावर जायचं आणि नुसता काळ भरायचा: इथे स्वर, इथे मागचाच लांबव, इथे गप्प. यादी आणि काळ यांची गाठ यंत्र आत कुठेतरी मारतं. एखादी 'गप्प' चुकून जास्त पडली की पुढचे सगळे स्वर एकेक घर सरकतात आणि भूपातला 'ध' समेवर येऊन बसतो. माझ्या पहिल्या भूपाचा असा देशकार झाला, आणि तोही बिघडलेला. बाराव्या शतकात आमच्या शेजारच्या बसवकल्याणला राजा सोमेश्वराने 'मानसोल्लास' लिहिला, त्यात वाद्यांचाही विचार आहे. ते संस्कृत या यंत्राच्या माहितीपुस्तिकेपेक्षा सोपं असणार, अशी माझी खात्री झाली आहे.

यंत्राला घरं सोळा. मी खूश झालो: सोळा घरं, सोळा मात्रा, हा तर त्रिताल! घर म्हणजे मात्रा धरून आलाप भरला आणि चालू केलं. कुणीतरी गाढवाला मिरची लावावी तसा भूप धावत सुटला. नंतर कळलं, चार घरांची एक मात्रा होते. सोळा घरांत मात्रा फक्त चारच. आठ मात्रांच्या भजनी ठेक्याचं एक आवर्तन हवं तर दोन पॅटर्न जोडावे लागतात. हे कळायला मला नऊ रात्री लागल्या. दहाव्या रात्री शेजारच्या अक्का माळवदावरून ओरडल्या, "साकु माडरी!" पुरे करा.

एक गोष्ट मात्र आवडली. प्रत्येक घराला 'स्लाइड'चं बटण आहे. ते दिलं की स्वर पुढच्या स्वरावर तुटून न जाता घसरत जातो. पेटीवाल्याला मींड म्हणजे शेजाऱ्याच्या घरचं पुरण. वास येतो, ताटात पडत नाही. इथे ती ताटात पडत होती. चरणजितसिंगांच्या त्या गुरगुरण्यात राग का तग धरतो, ते मला तेव्हा उमगलं.

काकांपासून हे सगळं लपवलं होतं. काका म्हणजे आमच्या भजनी मंडळाचे प्रमुख, वय ब्याऐंशी. एका दुपारी ते आलेच. डब्याकडे बघून म्हणाले, "हे रे काय? आता देवाला करंट लावणार का?" मी म्हटलं, "काका, पेटीलासुद्धा असंच म्हणत होते. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, हे तुम्हीच सांगता." ते थोडे थांबले. "बंदी होती ती पेटीला मींड नाही म्हणून. याला आहे का?" मी स्लाइड ऐकवली. ते म्हणाले, "ही मींड नव्हं. पाय घसरलाय." मग चहा पिऊन गेले. आमच्या तानपुऱ्याच्या डब्याला करंट लागतो, याची आठवण मी त्यांना करून दिली नाही. तो तर आपल्या बेंगळुरूचा, जी. राज नारायण यांच्या रॅडेल कंपनीचा, आणि मंडळात तो काकांनीच आणला.

डिसेंबरात दत्तजयंतीला माणिकनगरला गेलो. तिथल्या संत माणिकप्रभूंच्या दरबारात गाणं ऐकतच मी लहानाचा मोठा झालो. सतरंजीवर आईच्या मांडीवर झोपून. गाण्याआधी तानपुरे जुळवतात तेव्हाचा तो आवाज मला गाण्यापेक्षा जास्त लक्षात राहिलाय. या वेळी जवळ बसलो होतो. तानपुरेवाला घोडीवर तारेखालचं सूत अगदी केसभर सरकवत होता. सूत सरकलं की बोथट तार एकदम उघडायची, एका 'सा'मधून वरचे प, ग असे एकेक सूर झरायला लागायचे. जवारी. आणि मला वाटलं, हे मी घरी ऐकलंय. माझ्या डब्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या खुंटीवर.

रात्री साडेअकराला घरी आलो आणि भूप पुसून टाकला. चार घरं प, चार सा, चार सा, चार खर्जाचा सा. या यंत्रातून एका वेळी एकच स्वर निघतो, पण तानपुऱ्याची तारही एका वेळी एकच छेडतात. सर्वांत संथ लय लावली. दुसरी खुंटी म्हणजे चाळणी: खाली असली की आवाज घोंगडीखालचा, वर नेली की वरचे सूर चाळणीतून सुटतात. तिसरी खुंटी पिळली की त्यातला एखादा सूर शिट्टीसारखा पुढे येतो. दोन्ही केसकेसभर फिरवत राहिलो. ते तानपुरा झालं नाही, तसं म्हटलं तर मिरजेचे कारागीर मला दारात उभं करणार नाहीत. पण जवारीसारखं काहीतरी नक्की झालं. अक्का ओरडल्या नाहीत. लाईट गेली तेव्हा पहाटेचे दोन वाजले होते.

पुढच्या महिन्यात मंडळाचा तानपुऱ्याचा डबा बिघडला. मी काही न बोलता माझा डबा लावला. काकांनी डोळे मिटले, दोन आवर्तनं ऐकली आणि एवढंच म्हणाले, "सूर जरा उतरलाय." खुंटी फिरवून चढवला. भजन सुरू झालं.

तेव्हापासून दर गुरुवारी तो माझ्या पेटीशेजारी असतो. अडचण एकच आहे. मालकंसात पंचम नाही, म्हणून प चा म करावा लागतो, आणि मला ते सगळा पॅटर्न पुसून पुन्हा भरूनच जमतं: आधी स्वर, मग काळ. सध्या आमच्या भजनात मालकंस बंद आहे.